लांब नाकाचं विमान

आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, विमानांची मॉडेल्स करणाऱ्या निवृत्त मंडळींचं प्रदर्शन भरतं. त्या गटात मी एकटीच बाई, आणि खऱ्या विमानाला हात लावलेलीही एकटीच. तरी गटप्रमुख अंकलनी माझं लाकडी विमान पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, धिस वन कॅनॉट लाह. इंजिन टू लाँग. चेंज बॅक टू ओरिजिनल, देन कॅन."

नियम असा की, विमान कारखान्यातून निघालं तसंच मांडायचं. मागाहून केलेले फेरफार चालायचे नाहीत. आता माझं विमान म्हणजे मागाहून केलेला फेरफारच होता.

पुण्याहून मी इथे आले ती एका छोट्या विमानतळाशेजारच्या वर्कशॉपमध्ये. तिथे पिस्टन इंजिनांची म्हातारी प्रवासी विमानं यायची. सांगाडा ठणठणीत, पण इंजिनं थकलेली, आणि त्यांना लागणारं पेट्रोल मिळणं अवघड झालेलं. आम्ही ती इंजिनं उतरवून टर्बोप्रॉप बसवायचो, म्हणजे पंखा फिरवणारं जेट इंजिन. परदेशात आधीच्या पिढीने हे प्रयोग करून हात पोळून घेतले होते, त्यांच्या शहाणपणावर आमचं चाललं होतं.

नवं इंजिन खूपच हलकं. जुन्याच्या जागी बसवलं तर पुढचा भार कमी होतो आणि शेपूट जड पडते. सी-सॉवर हलक्या पोराला अगदी टोकाला बसवतात, तसं ते इंजिन पुढे सरकवावं लागतं. किती पुढे, हे काढायचं काम माझ्याकडे होतं. माझा आकडा ऐकून अख्खं हँगर हसलं. नाकापेक्षा मोती जड हे ठाऊक होतं, इथे मोती हलका म्हणून नाक वाढवायची वेळ आली होती. मी आकडा बदलला नाही. विमान उडालं, सरळ उडालं, आणि मी कुंपणापाशी उभी राहून मनसोक्त रडले. फोटो काढला तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. पुढे वर्कशॉपही बंद झालं.

म्हणून मला प्रदर्शनातलं ते टेबल हवं होतं. फार हवं होतं. माझं काम एकदा तरी चार माणसांनी पाहावं, एवढीच हौस.

"आई, जस्ट चेंज लाह," जेवताना लेक म्हणाली. "हू विल नो?"

"मला कळेल."

"यू आर सो स्टबर्न."

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," मी म्हटलं. तिला ते समजावून सांगेपर्यंत आमटी गार झाली.

खोटं कशाला सांगू, आरी मी काढली होती. दोन्ही पंखांवरच्या इंजिनांची लांब नाकं छाटायची, पुढे जुन्या इंजिनांसारखी गोल टोपणं चिकटवायची, की टेबल पक्कं. मग मला माझाच राग आला. तरुणपणी सगळं हँगर हसत असताना जे मी आखूड केलं नाही, ते आता एका टेबलासाठी करणार होते. आरी डब्यात गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी विमान घेऊन खाली गेले आणि दोरीच्या बाहेर, बुद्धिबळाचा पट रंगवलेल्या दगडी टेबलावर ते ठेवलं. समोरच्या स्टुलावर पर्स ठेवून बसले. बाजारातून परतणारे लोक थांबायला लागले. थांबेल त्याला मी सी-सॉपासून सगळं सांगत होते.

दुपारी अंकल कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन आले. एक कार्डही आणलं होतं, त्यावर 'नॉट ओरिजिनल' लिहिलेलं. "मॅडम, कम इनसाइड. पुट धिस कार्ड, देन कॅन."

"खाली लिहा, 'स्टिल फ्लाइंग'," मी इंग्रजीतच म्हटलं. "आतली तुमची सगळी ओरिजिनल म्युझियममध्ये उभी आहेत. माझं अजून माल वाहतंय."

त्यांनी कार्ड खिशात टाकलं. जातील असं वाटलं, पण गेले नाहीत. वाकून त्या लांब नाकावरून बोट फिरवलं. "व्हाय सो लाँग, आह?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"कम इनसाइड, टेल देअर लाह," ते म्हणाले.

"आत नाही. ऐकायचं तर इथे बसा," मी म्हटलं आणि स्टुलावरची पर्स उचलली.