आपला मेजर बोलणार

सुट्टीवर आलेला मेजर नावेद मुकादम वरसे नाक्यावर रिक्षातून उतरला आणि स्वतःचाच फोटो पाहून थबकला. वर्दीतला, हातभर मोठा. खाली ठळक अक्षरं : ‘नदीची वाट आमची! ग्रामसभेत आपला मेजर बोलणार!’

हा दामूचा उद्योग. कातकरवाडीतला दामू वाघमारे आणि नावेद लहानपणी कुंडलिका नदीत एकत्र पोहायला शिकलेले. आता काठावरची जमीन घेतलेला एक रिसॉर्टवाला वाडीची नदीवर उतरायची वाट तारेनं बंद करणार होता. वाडीची मासेमारी, धुणं सगळं त्याच वाटेवर.

नावेद तडक वाडीत गेला.

“दामू, फ्लेक्स उतरव. मला सभेत बोलता येत नाय.”

“का रं? तोंड हाय ना?”

“नोकरीत असताना असल्या भांडणात जाहीर बोलायला बंदी असते.”

“मंग वर्दी काढून ये. लुंगीवर बोल.”

दामूची बायको पारी चुलीपासून हसली, “लुंगीतल्या मेजरला कोन भिईल?”

नावेदही हसला, पण वर्म तेच होतं. बोलायला त्यांना वर्दी हवी होती. गेल्या वर्षी त्याच्या पलटणीतल्या एका जवानानं गावच्या जमिनीवरून वर्दीत व्हिडिओ टाकला होता. नावेदनंच त्याला समोर उभं करून सुनावलं होतं, “वर्दी तुझ्या एकट्याची नाही.” पोरगा खरं बोलत होता, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

“काय बोलायचं ते मी तुला सांगतो,” तो दामूला म्हणाला.

“मास्तर नको मला. बाजूला उभा राहनारा पायजे होता.” दामू उठला आणि फ्लेक्स उतरवायला नाक्याकडे निघाला.

सभेला नावेद गेला, साध्या शर्टात, मागच्या भिंतीला टेकून. दामू बोलायला उभा राहिला. “आमची वाट...” म्हणाला आणि अडकला. सगळी सभा वळून नावेदकडे बघू लागली. पुढचं वाक्य नावेदच्या जिभेवर होतं. त्यानं दात आवळले.

दामूनं मात्र मागं पाहिलं नाही. घसा खाकरला. “माझा बा ह्याच वाटनं नदीवर गेला, मी बी जातो. खोटं वाटत आसंल तर मोजा येऊन.”

मोजणीआधी तार घालायची नाही, असं ठरलं.

सभा सुटली. दामूनं लहानपणीसारखी ‘नाव्या’ म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी नावेद आवारात रेंगाळला. दामूला मधे घेऊन वाडीची माणसं हसत, मोठ्यानं बोलत उताराला लागली. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर तो बराच वेळ उभा होता.