मूस भट्टीत हाय

माझ्या सासूबाई शालूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, लय फटकळ. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं. त्यांची उमर गलाईत गेली. म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. लग्न होऊन विट्याहून मदुराईला गेल्या आणि केस पिकेपर्यंत सासऱ्यांच्या भट्टीचा भाता ओढला.

माझी पीएचडी अणूंच्या टकरींवर. दिल्लीच्या एका यंत्रात सोन्याच्या पातळ पापुद्र्यावर ऑक्सिजनचे अणू भयंकर वेगानं आदळायचे. क्वचित एखादा आत मुरतो आणि सोन्याहून जड मूलद्रव्य तयार होतं. आत्यांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग ते इकता व्हय?"

"नाही हो. काही मिनिटांत ते मोडून जातं."

"अगं बया! चांगल्या सोन्याची माती कराय दिल्लीला जातीस?"

मी पोट धरून हसले.

पुढं लग्नानंतरचा पहिला दसरा आला. पालख्यांच्या शर्यतीला देशभरातले गलाईवाले विट्यात येतात, आणि नवी सून घरात हवीच. नेमके तेच दिवस दिल्लीच्या यंत्रावर मला मिळाले. सोडले तर वर्षभर पुन्हा नंबर नाही, पीएचडी लटकणार. माझा नवरा धैर्यशील "तूच सांग आईला" म्हणून मोकळा. भित्रा कुठला!

आत्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मधीच उठता येत न्हाई?"

"नाही. एकदा सुरू झालं की संपेपर्यंत बसायचं."

त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. हो की नाही ते न कळताच मी गाडीत बसले.

दसऱ्याला चुलतसासू मनुबाईंनी भर पाहुण्यांत टोकलं म्हणे, "शालू, सून कुठं दडवलीस गं?"

"तिची मूस भट्टीत हाय," आत्या म्हणाल्या.

विट्यात यापुढं कुणी बोलत नाही. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं; ते भट्टीत असताना सोडून गलाईवाला उठत नाही, सण असो की पाहुणा. मनुबाईंचे मालक तर भट्टीपायी स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचले होते. मनुबाई गुमान आपट्याची पानं वाटू लागल्या.

हे मला धैर्यशीलनं फोनवर सांगितलं. तेव्हा मला हवं ते मूलद्रव्य पडद्यावर दिसू लागलं होतं, पण डोळे भरून आले ते आत्यांमुळं. इतकी माझी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती.

घरी आल्यावर पाया पडले. आत्यांनी देव्हाऱ्यातून आपट्याचं सुकलेलं पान काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुझ्या वाटणीचं सोनं. ह्याची तरी माती करू नगंस."