पाटनच्या आखाड्यातला कलदार

आमच्या शहरातल्या राइट टाउन भागात चहाच्या टपरीवर गिऱ्हाईकानं मोबाइलवरून पैसे दिले की 'पैसे आले' असं एक डबा बोलतो, नाणं काही वाजत नाही, अन् तो ऐकला की मला आमच्या हिंदी मुलखातल्या पाटनच्या मेळ्यातली कुस्ती आठवते. तेव्हा चांदीच्या रुपयाला आमच्याकडे कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र. जुनी नाणी हातोडीनं ठोकलेली, हा यंत्रानं पाडलेला, म्हणून कलदार. धान्याच्या एका शेठनं पुकारा केला होता, जिंकेल त्याला कलदार. मी जिंकलो. अंगाला मोहरीचं तेल अन् लाल माती, छाती धपापत होती, आणि शेठनं हातावर ठेवली काय, तर एक रुपयाची नोट! म्हणे, "ले लो भैया, रुपया तो रुपया है।" मी आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसलो. पुढची जोडी लंगोट कसून खोळंबली. काठावरून मामा ओरडला, "काहून बसून राहिला रे? उठ ना!" म्हटलं, "कलदार बोलले, कलदारच घेईन." मग लोकच ओरडू लागले, "कलदार! कलदार!" शेवटी शेठाणी स्वतः घरून आली, दिवाळीच्या पूजेतला कलदार घेऊन, कुंकू लागलेला. नवऱ्याला म्हणाली, "जबान दी है तो निभाओ जी।" मी तो दगडावर टाकला. खणकन वाजला, तेव्हाच उठलो. आता तो आमच्या पूजेत असतो. दर दिवाळीला मी आधी तो फरशीवर वाजवतो. सून म्हणते, "बाबा, टवका उडेल ना फरशीचा!" उडू दे. फरशी बाजारात मिळते.