साडी, सायकल आणि खोळ

मी घर सोडलं त्या दिवशी आई भातलावणीतून थेट देवरूखच्या स्टँडवर आली. पायांना चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली खोळ. पाठ झाकते, हात मोकळे. गाडी हलताना ती खिडकीशी येऊन म्हणाली, "माजा जलम खोळीत गेला. तुज्या डोक्यावर ही नको."

वाडीतल्या पोरींनो, रत्नागिरीत मी शाळेत शिकवते. शाळेला शिक्षिकेच्या अंगावर साडीच लागते आणि मला सायकल लागते, कारण रिक्षावाल्याच्या घरी पगार पोचवायला मी घर सोडलेलं नाही. मग पावसात घालायचं काय? दुकानात रेनकोटची पँट साडीवर चढेना. दुकानदार हसला, "ताई, साडीवर सायकल कोण चालवतं?" मी चालवते! तुझ्यासमोर उभी आहे ना!

पोंचो घेतला, तो वाऱ्याने फुगून तोंडावर आला. लांब कोट घेतला, तो मारुती मंदिरच्या उतारावर साडीसकट चेनमध्ये गेला आणि मी भर रस्त्यात आडवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ओल्या साडीत वर्गावर जायचं नाही. एकतर सायकल सोडा, नाहीतर नोकरी." साडी सोडा, असं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

मी ताडपत्री आणली आणि खोळ शिवली. पुढून गुडघ्यापर्यंत एक तुकडा जोडला. लावणीला खोचतात तशा निऱ्या वर खोचल्या. पाय भिजले, साडी कोरडी राहिली.

श्रावणात आई भाजी घेऊन माझ्या खोलीवर आली. खुंटीवरची खोळ बघून तिचं डोकंच फिरलं. "ह्याच्यासाठी शिकवली तुला?" म्हणत तिने ती दाराबाहेर फेकली. मीही ओरडले, "शिकून नोकरी मिळाली गं, रेनकोट नाही मिळाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता. मी हट्टाने खोळीशिवाय तशीच सायकल काढली. फाटकापाशी आई आडवी आली. तिने खोळ माझ्या डोक्यावर घातली, हनुवटीखाली घट्ट ओढली, तीही रागारागानेच. "भिजू नको," एवढंच म्हणाली.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही इथे याल तेव्हा तो दुकानदार तुम्हालाही हसेल. पण घर म्हटलं की आता मला वाडी आठवत नाही. फाटकापाशी तिलाच नको असलेली खोळ माझ्या डोक्यावर घट्ट करणारे आईचे हात आठवतात.