गंगेच्या पाण्यात धुतलेली पिलं

शकुन पेठेच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू पाण्याखालून गेल्याशिवाय आत जात नसे. भाजी, नवी कपबशी, वाण्यानं परत दिलेली नाणीसुद्धा. खिदिरपूरच्या त्या भाड्याच्या घरामागे छोटं अंगण होतं, आणि अंगणातल्या नळाला न गाळलेलं, मातकट, थेट गंगेचं पाणी येई. वाईहून लग्न होऊन आलेल्या शकुनला या परक्या शहरातली तेवढी एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून आपली वाटली होती.

तिचा नवरा चारुदत्त गोदीत, कस्टमच्या कचेरीत कारकून होता. एक्कावन्न सालच्या पावसाळ्यात त्याचा खोकला हटेना. दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांनी क्षयाचं नाव घेतलं, औषधं लिहून दिली आणि म्हणाले, "शिवाय रोज एक ताजं अंडं. अर्धवट उकडलेलं."

"सात पिढ्यांत कुणी केलं नाही ते मला करायला लावणार तू," चारुदत्त वाटेत म्हणाला.

"लावणार."

"मग तूही खा. माझ्या जोडीनं वाळत चालली आहेस."

"माझं काय मधेच!" शकुन म्हणाली. तो नंतरही अधूनमधून म्हणत राहिला, आणि ती प्रत्येक वेळी तेच उत्तर देत राहिली.

शेजारच्या माशीमांनी, म्हणजे बंगाली मावशींनी, बदकाची अंडी पाठवली. माशीमा विधवा होत्या. स्वतः अंड्याला शिवत नसत, पण मुलांसाठी त्यांनी बदकं पाळली होती. ती दिवसभर मागच्या तळ्यात डुंबत आणि संध्याकाळी निथळत घरी येत. पण त्या अंड्याच्या वासानंच चारुदत्तला उलटी झाली. बाजारातली ताजी कोंबडीची अंडी जहाजांवरचे खानसामे पहाटेच उचलून नेत. उरत ती शिळी. मग शकुननं ठरवलं, कोंबड्या आपणच पाळायच्या.

"मुर्गी?" शकुनला सून मानून बौमा म्हणणाऱ्या माशीमा भिंतीपलीकडून म्हणाल्या. "हिंदूच्या अंगणात? अगं बौमा, त्यापेक्षा माझी दोन बदकं ने."

"त्यांना वास सोसत नाही, माशीमा."

"मग खुराडं त्या टोकाला बांध. वास मलाही सोसत नाही."

गोदीजवळच्या वस्तीतली एक कोंबडीवाली म्हातारी अंडी घालणारी कोंबडी विकायला तयार होईना. तिनं सहा पिलं दिली. पावसाळ्याच्या तोंडाशी अंडी घालायला लागतील, म्हणाली. तोवर कणी घाल, उबेत ठेव. शकुननं डाल्याखाली भाताचं तूस पसरून ठेवलंच होतं.

पौषातली संध्याकाळ होती. पिलं कुठल्या उकिरड्यावरून आली होती कोण जाणे, आणि घरात तर आजारी माणूस. तिनं घमेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि एकेक पिलू त्यात हळुवार बुचकळून काढलं. ती ओरडली, पण माशीमांची बदकं पाण्यात किती सुखात असतात ते ती रोज पाहत होती. पाखरांची जातच तशी, तिला वाटलं. धुतलेली पिलं तिनं डाल्याखाली ठेवली आणि निवांत मनानं देवापाशी दिवा लावला.

सकाळी चार पिलं ताठ होऊन पडली होती. उरलेली दोन एकमेकांत घुसून थरथरत होती.

त्यानंतर ती शिकली. दोघांना चुलीच्या उबेला घेऊन बसू लागली. मुंगी मारायला कचरणारी शकुन कुंड्यांखालची गांडुळं काडीनं वेचू लागली. माघ सरताना एकाला लालभडक तुरा फुटला. "हा माझ्या वळणावर गेला," चारुदत्त म्हणाला. "नुसता खाकरणार." दुसरी मात्र तलंग निघाली. त्यानं तिचं नाव ठेवलं ठमी. खुर्ची दारात ओढून तो तिच्याकडे बघत बसे. मूलबाळ नव्हतं त्यांना.

चैत्रात त्याला उठून बसवेना.

"ती चार जगली असती तर..." शकुन एकदा म्हणाली.

"तरी अजून अंडं नव्हतंच, शकुन. म्हातारी काय म्हणाली होती, आठव."

तिला आठवत होतं. त्याचं खरं होतं. पण त्या खऱ्याचा तिला काही उपयोग होईना.

वैशाखात चारुदत्त गेला. पावसाळा संपला की दीर येऊन तिला वाईला नेणार होते. ती कणी टाकत राहिली, कारण ठमी दाराशी येऊन उभी राही.

आषाढात एका सकाळी तुसात अंडं दिसलं. लहानसं, एका टोकाला रक्ताचा पुसट डाग. शकुननं ते उचललं आणि सवयीनं तिचा हात नळाकडे गेला. अंडं गरम होतं. तिनं नळ सोडला नाही. डाग तिनं पदरानंच पुसला.

माशीमा भिंतीवरून पाहत होत्या. "देवळापाशी एखाद्या भिकारणीला देऊन टाक. आता आपल्याला कुठलं, बौमा?"

"मी खाणार आहे."

"तू? आता?"

"ते खा म्हणायचे, तेव्हा नाही खाल्लं."

माशीमा आत निघून गेल्या. शकुनला वाटलं, आता त्या बोलणार नाहीत. तिनं चूल पेटवली, छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं. मागचं दार वाजलं. माशीमा उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, मूठ मिटून.

"मीठ आहे. नुसतं घशाखाली उतरत नाही ते," त्या म्हणाल्या. "आमचे असताना मी खायची."