चिखलदऱ्याच्या घाटातला पितळी डबा

अंजनगाव सुर्जीच्या नत्थुजी माळ्याचा देवीदास मोटारीच्या नादी लागला, तेव्हा त्याचं काही भलं होईल असं गावात कोणालाच वाटलं नाही. आणि झालंही नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगीच कोणी गोड शेवटाची वाट पाहत बसू नये.

माळ्याचं पोर ते. वांगी, मेथी, झेंडू यांतच जन्म काढायचा. पण परतवाड्याच्या खुशालरावांची लारी याच्या नजरेस पडली आणि हा मळा सोडून तिच्या मागे गेला. नत्थुजी म्हातारा भारी तापट. "आजपासून मले पोट्टा नाई," असं त्यानं साऱ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. मग वर्षानुवर्षं बापलेक बोलले नाहीत. देवीदासची बायको शकुन सणावाराला सासऱ्याकडे जाऊन यायची आणि हा तेवढा वेळ कुंपणाबाहेर बिडी ओढत उभा राहायचा. बापाची भीती वाटायची असं नाही. आत या म्हणून बोलावणं नव्हतं एवढंच.

बापानं एकदा तरी म्हणावं, पोराला काहीतरी येतं बुवा. एवढी एकच हाव होती त्याची. बाकी पोटापुरतं खुशालराव देत होते.

खुशालरावांची लारी म्हणजे विलायतेहून आलेला जुना खटारा. उन्हाळ्यात साहेबलोक चिखलदऱ्याला राहायला जात, त्यांच्या ट्रंका आणि भाजीपाला ती वर न्यायची. त्या जुन्या इंजिनाला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपसूक वर चढायचं, रेडिएटरात जाऊन निवायचं आणि खाली यायचं. सपाट रस्त्यावर हे ठीक चाले. घाटात मात्र लारी बैलासारखी चालायची, पाणी खदखदायचं, आणि वर बसलेली बाया-माणसं वळणावळणावर उतरून चाकांमागे दगड लावत बसायची. साहेबाची पालक-मेथी वर पोचेपर्यंत उकडून निघायची. अहो, शिव्या कोणाला? ड्रायव्हरला, म्हणजे देवीदासला!

देवीदासनं एका मोडक्या मोटारीचा पंप आणून लावून पाहिला. घाटात लारी थंड राहिली, पण हिवाळ्यात दुसरंच खेंगट. पहाटेचं गार पाणी पंप इंजिनात फिरवत राही आणि इंजिन तापायचं नावच घेईना. तापलं नाही तर ते घाट काय चढणार, कपाळ? मग त्यानं एक व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे इंजिन तापेस्तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊच द्यायचं नाही. पण पंप एकीकडे, व्हॉल्व्ह दुसरीकडे, मधे नळ्यांचे सांधे. खडीच्या रस्त्याचे चार धक्के बसले की सांधे सुटायचे.

तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की दोन्ही एकाच डब्यात ओतले तर? कापसाचे बोजे घेऊन अकोल्याला गेला की तो जुन्या शहरात पितळ ओतणाऱ्या सूर्यभान ओताऱ्याच्या भट्टीवर जाऊन बसायचा. स्वतःच्या हातानं लाकडी साचे कोरायचा. सूर्यभान वैतागायचा, "अबे, देवाच्या मूर्तीलेही एवढा वेळ नाई लागत मले!" दोन ओतणी फुकट गेली. तिसऱ्या खेपेला डबा जमला. आत पंपाचा पंखा, तिथंच व्हॉल्व्ह, आणि बाहेर एक मूठ. मूठ आडवी केली की पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरायचं. इंजिन तापलं की मूठ उभी करायची, मग पाणी रेडिएटरात जायचं. पंपाच्या दांडीभोवती मेण लावलेलं सूत घट्ट गुंडाळलेलं असे. त्यातून थेंब थेंब पाणी गळावं लागतं, नाही तर सूत जळून जातं. ते गळणं बंद करायचं नसतं.

खुशालरावांना आपल्या दोन लाऱ्यांपैकी ही जुनी भंगारात काढायची होती. ते म्हणाले, "होळीच्या आधी एकदा भरली गाडी न थांबता वर नेऊन दाखव. चढली तं दोन्ही लाऱ्यांले तुया डबा लावतो. नाई चढली तं ही इकून टाकतो, आन् तू आपला रस्ता धर."

त्या खेपेला भाजी नत्थुजीच्या मळ्यातली घ्यायची, ही शकुनची शक्कल. म्हातारा गुरगुरला, "माह्या टोपल्या कोनाच्या भरोशावर सोडत नसतो मी," आणि स्वतःच येऊन पुढच्या बाकावर बसला. खुशालराव मागे मालावर बसले. देवीदासनं स्टिअरिंग उगीच दोनदा पुसून घेतलं. बाप शेजारी बसला होता हो त्याच्या!

पहाटेच्या गारठ्यात मूठ आडवी ठेवून त्यानं इंजिन तापवलं, मग उभी केली. घाटाच्या पायथ्याशी त्यानं लारी उभी केली आणि बॉनेट उघडून बापाला डबा दाखवला. मूठ अशी केली की पाणी इकडे, तशी केली की तिकडे. म्हातारा वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हं." तेवढ्या एका हुंकारावर देवीदास दिवसभर उपाशी राहिला असता. इतक्यात मागून खुशालराव ओरडले, बोजा सैल झालाय, दोर आवळ. देवीदास मागे गेला, दोर आवळले, परत येऊन त्यानं तसंच बॉनेट लावलं आणि घाटाला लागला.

सुरुवातीची वळणं लारी एकदाही न थांबता चढली. नत्थुजी दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता, पण खूश होता. मग जळका वास आला. देवीदासला वाटलं, ब्रेकचा असेल. थांबायचं नव्हतं ना त्याला! आणखी एक वळण, आणि पुढून वाफेचा असा लोट उठला की रस्ताच दिसेना. इंजिन कर्रकन् आवाज करून जागीच जाम झालं. देवीदासनं उडी टाकली, उघड्या हातानं बॉनेट उचललं, हात भाजले, तरी पान्यानं त्या मुठीला इकडून तिकडून ठोकत सुटला. आधी ती उभी होती की आडवी, हे मग कोणालाच कळायला मार्ग राहिला नाही. इंजिनाला हातभर चीर गेली होती.

"तुया डब्यानंच खाल्ली माही लारी," खुशालराव म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नाही. त्यांनी लारी विकली, आणि परतवाड्यात पुन्हा कोणी देवीदासच्या हाती मोटार दिली नाही.

हात बरे झाल्यावर तो डबा घेऊन अकोल्याला गेला. सूर्यभाननं उलटापालटा करून पाहिला. "याले तं काईच झालं नाई रे. दुसऱ्या एखाद्या इंजिनाले लावून पाहू." देवीदास म्हणाला, "वितळव." सूर्यभाननं लई समजावलं, पण हा ऐकेना. डबा मुशीत गेला आणि लाकडी साचे त्यानं आपल्या हातानं भट्टीत सारले. आपली अक्कलच खोटी निघाली, ही खात्री पटली होती त्याची.

मग मळाच उरला. म्हाताऱ्यानं घरात घेतलं, टाकून बोलला नाही. उलट आता माया करायला लागला होता. पाऊसकाळ सरला तेव्हाची गोष्ट. दोघं बापलेक बांधावर भाकर खात होते, शकुन वाढत होती. म्हातारा सहज म्हणाला,

"तुया त्या डब्यातून पानी गळून रायलं होतं त्या दिवशी. टिप टिप. तू दोर आवळाले गेला, तं म्या ती मूठ आडवी करून टाकली. म्हटलं, पोराच्या ध्यानात नाई आलं."

यात नत्थुजीचं नवल काहीच नव्हतं. पाणी वाया जाताना दिसलं की माळी वाफ्याचं तोंड बंद करतो. मळा दुसऱ्याचा असला तरी करतो, आणि केलं म्हणून सांगत बसत नाही. सांगण्यासारखं त्यात असतंच काय?

देवीदासनं भाकर खाली ठेवली. डबा बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता, आणि तो त्यानं वितळवून टाकला होता. ओरडावंसं वाटलं, ऊर बडवून घ्यावासा वाटला. शकुन भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं.

"जेवत काहून नाई?" म्हातारा म्हणाला. "बरं केलं ना म्या?"

जन्मात पहिल्यांदा बाप त्याला काही विचारत होता.

"बरं केलं, बा."

म्हातारा खुलला. शकुनकडे वळून म्हणाला, "पाह्य! आधीपासून बापाले इचारून केलं असतं, तं पोराची मोटार गेली नसती."