तुरीच्या फुलांची प्लेट

मास्तरांना जाऊन आज वर्ष झालं. त्यांची शेवटची प्लेट मी परवा भट्टीत घातली.

मास्तर म्हणजे आमचे हे. भालकीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. रिटायर झाल्यावर आम्ही बिदरला मैलूरमध्ये घर केलं आणि यांनी कागद सोडून पांढऱ्या मातीच्या कप-बश्यांवर वॉटरकलरसारखी चित्रं सुरू केली.

बिदरचं नाव बिदरीसाठी, काळ्या धातूवरच्या चांदीच्या नक्षीसाठी. शेजारच्या शरणम्मा अक्का हसायच्या. "मास्तर, बिदरमधी राहून बिदरी सोडून कप रंगवायलाव व्हय?"

"अक्का, बिदरी काळी असती. मला तुरीचं फूल काढायचंय. पिवळं कुठून आणू?"

ही अंडरग्लेझची कला. एकदा भाजलेल्या भांड्यावर भट्टीत टिकणारा रंग लावायचा, त्यावर काचेसारखी झिलई चढवायची, मग पुन्हा भाजायचं. रंग कायमचा झिलईखाली राहतो.

पहिल्या दिवशी मास्तरांची चांगलीच फजिती झाली. कागदावर रंग पसरायला वेळ मिळतो. इथं ब्रश टेकला की भाजलेली माती सगळं पाणी पिऊन टाकते. आकाश काढायला गेले, नुसते पट्टे उठले.

मी म्हटलं, "तहानलेलीय ती. आधी पाणी पाजा की."

ओला स्पंज फिरवला, आणि मग आकाश पसरलं. मास्तर त्या दिवशी भाकरी खायला उठलेच नाहीत.

तेव्हापासून वाटणी ठरली. चित्र त्यांचं. झिलई आणि भट्टी माझी.

मी सातवी शिकलेली. पण झिलईच्या डब्यावरचं इंग्लिश मीच डिक्शनरी घेऊन वाचलं. यांना वाचायचा धीर नव्हता.

झिलई ओली असते तेव्हा दुधासारखी पांढरी असते. प्लेट चिमट्यात धरून बादलीत बुडवून काढली की चित्र पूर्ण झाकून जातं. काहीच दिसत नाही. भट्टीतून निघाल्यावरच ते परत दिसतं.

हे मास्तरांना चांगलं माहीत होतं. तरी दर वेळी बादलीपाशी उभे राहून कपाळाला हात लावायचे.

"गेलं! गेलं माझं चित्र!"

"कुठं जायलंय? बसा गप."

दर वेळी हेच.

भट्टी पूर्ण थंड व्हायच्या आत उघडायची नसते. मास्तर सारखे झाकणाभोवती घुटमळायचे. एकदा मी बाजारात गेले आणि यांनी उघडलीच. मी दारात पाऊल टाकते तोच आतून 'टिंग' आवाज आला. चांगला कप तडकला.

"मी काय न्हाई केलो," म्हणाले. हातात झाकण तसंच!

ते गेले तेव्हा ही एक प्लेट टेबलावर झिलईविना कच्ची राहिली. खाली तुरीचं शेत, वर मोकळं आकाश. रंग वाळलेला, खडूसारखा फिका.

मला ती बुडवायचा धीर होईना. भट्टीत तडकली तर? रंग ओघळला तर? कप पुष्कळ होते. ही शेवटची होती.

हैदराबादहून महेश म्हणाला, "आई, काच लावून फ्रेम कर. रिस्क कशाला घ्यायलीस?"

मीही तेच ठरवलं होतं. वर्षभर ती तशीच ठेवली.

गेल्या आठवड्यात कपाटातून काढताना पदर घासला. बघते तर पदराला पिवळं लागलेलं.

कच्चा रंग तो. ठेवला तरी जाणारच होता, थोडा थोडा.

मग परवा बादली काढली. झिलई ढवळली. चिमट्यात प्लेट धरली आणि बुडवली.

वर काढली तर सगळं पांढरं. शेत नाही, आकाश नाही.

माझ्या तोंडून निघालं, "गेलं."

भट्टी लावली. थंड व्हायची वाट बघत बसले. इतकी वर्षं यांना झाकणापासून लांब धरून ठेवलं, आणि आता माझाच हात सारखा झाकणाकडे जायला लागला. अक्कांना बोलावून घेतलं. म्हटलं, "मला उघडू देऊ नका."

अक्का चहा पीत तिथंच बसून राहिल्या. "मास्तर गेले, पन घाई हितंच ठेवून गेले बघ," म्हणाल्या. दोघी हसलो.

काल उघडली.

तूर फुललीय. पिवळी धमक. आकाश ओलं असल्यासारखं दिसतंय, आताच स्पंज फिरवल्यासारखं.

जिथलं पिवळं माझ्या पदराला आलं, तिथं एक पांढरा डाग राहिलाय. शेताच्या त्या तुकड्यावर ऊन पडल्यासारखं वाटतं. मास्तर पांढरा रंग कधी वापरत नव्हते. ऊन दाखवायचं तिथं माती कोरी सोडायचे.

आज त्यांचं पान त्याच प्लेटमध्ये वाढलं. गव्हाची गोड हुग्गी, भाकरी, शेंगाची चटणी. उद्यापासून मी रोज त्यात जेवणार. भांडं शोकेसमध्ये ठेवलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

मास्तर, चित्र नीट निघालंय.

कुठं जायलंय? बसा गप.

तुम्हाला मनापासून नमस्कार.